आईची पहिली पगारी सुट्टी

चिखलदऱ्याला जायला सगळ्यात आधी सुट्टी लागते. एसटी, लॉज, स्वेटर हे सगळं त्यानंतरचं. थंड हवेच्या ठिकाणांवर वर्तमानपत्रांत लेख येतात, त्यांत ही गोष्ट कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला सुट्टी हवेसारखी आपोआप मिळालेली असते. माझ्या आईला ती तीस वर्षांत पहिल्यांदा मिळाली. म्हणून माझा प्रवास मी नागपूरच्या बसस्टँडपासून सुरू न करता विडीच्या सुपापासून सुरू करते.

आधी माझ्याविषयी. मी पत्रकांवर वाढले. वडील इतवारीतल्या एका छापखान्यात छापलेले कागद दुमडायला होते. बिघडलेली छपाई ते घरी आणत. त्या कागदावर भाकरी ठेवली जाई, त्यानं कंदिलाची काच पुसली जाई आणि त्यावरच मी वाचायला शिकले. ‘जाहीर सभा’, ‘हक्क’, ‘बंधू-भगिनींनो’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी आले. वडील गेले, आता त्याच छापखान्यात मी प्रुफं तपासते. माझं बोलणं थोडं मोठ्या टाइपात असतं, ते वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात ओली पानं, तंबाखू, कातर आणि दोरा. तिच्यासारख्या आमच्या घरांच्या ओळीतल्या सगळ्याच बाया. कारखानदार आम्ही कोणी पाहिलेला नाही. आम्ही पाहिलेला आहे तो सट्टेदार, म्हणजे पान-तंबाखू देणारा आणि संध्याकाळी विड्या मोजून घेणारा मधला माणूस. मोजताना तो छाट करतो. ही ढिली, ही वाकडी, ही फुटली, असं म्हणत विड्या बाजूला फेकतो.

विडी कामगाराला दरवर्षी पगारी सुट्टी आहे, असं कायद्यात लिहिलेलं आहे. मी ते वाचलं, मोठ्या अक्षरांत उतरवलं आणि ओळीत घरोघर वाचून दाखवलं. बाया सट्टेदाराकडे गेल्या. दोन महिने तो टाळत होता. शेवटी म्हणाला, “सुट्टी घेऊन करणार काय तुम्ही? घरी बसून भांडणारच ना? त्यापेक्षा सुट्टीचे पैसे उचला, अंगठा मारा, विषय खतम.”

निम्म्या बाया वाकल्या. त्यांना दोष कसा देऊ? सुट्टी कोणी पाहिली होती? तेव्हा आईच्या शेजारी बसणारी रुखमाबाई आईकडे बोट दाखवून म्हणाली, “थांबा वं. आधी सुभद्राले चिखलदऱ्याले जाऊ द्या. ते जाऊन येईन अन सांगन आपल्याले, सुट्टी म्हंजे काय असते ते. तवरिक कोणी अंगठा मारू नका.”

सट्टेदार हसला. “जाऊ द्या. सुभद्राबाई पहाडावर जाऊनही पानच कापत बसन. लिहून घ्या.”

मी खरंच लिहून घेतलं. तारीख घालून.

असं सगळं ओझं आईच्या चार दिवसांवर येऊन पडलं. ती परत येऊन ‘काही दम नाही त्याच्यात’ म्हणाली असती, तर ओळीतला एकेक अंगठा शाईत बुडाला असता आणि सुट्टी कायद्याच्या पुस्तकात परत जाऊन झोपली असती. आईला स्वतःला उत्साह नव्हता. धंतोलीच्या डॉक्टरांनी तिची पाठ पाहून एकदा ‘पूर्ण विश्रांती’ असं लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी घेऊन ती औषधाच्या दुकानात गेली आणि दुकानदाराला म्हणाली, “हे असन तुमच्याकडं, तं द्या.”

घाटात

अमरावती गेली, परतवाडा गेलं. बसमधल्या घामाचं आणि शेंगांच्या टरफलांचं वर्णन मी वाचकांना देत नाही. परतवाड्याच्या पुढे मात्र लेखणी आवरत नाही. सप्टेंबर सरत आला होता. सातपुडा म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली एक तपकिरी रेघ, असंच मी समजत होते. ती रेघ अचानक उठून उभी राहिली आणि हिरवीगार होऊन खिडकीत आली. प्रत्येक वळणावर पाणी. कुठे दगडातून, कुठे मुळातून, कुठे थेट आभाळातून. मी प्रत्येक वेळी “माय, तिकडं पाय!” म्हणून ओरडत होते आणि आई डोळे मिटून पुढच्या सीटची दांडी धरून बसली होती.

अर्ध्या घाटात रस्त्यावर एक झाड आडवं पडलेलं होतं. कंडक्टर म्हणाला, उतरा, वेळ लागेल. लोक खाली उतरले, बिडी-काडी पेटली. आई दिसेना. पाहते तर रस्त्याच्या कडेला चढावर एका ठेंगण्या झाडाजवळ ती उभी, हातात एक फांदी वाकवून. पान तोडत नव्हती. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळत होती.

“काय आहे वं माय?”

“पाय ना. आपलंच पान आहे हे.”

तेंदूचं झाड! तीस वर्षं तिच्या मांडीवर त्या झाडाची पानं पडत आली, पण झाड तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. पान यायचं ते गठ्ठ्यात, सुकलेलं, दोरीनं आवळलेलं. मी तिथेच रस्त्यावर एक भाषण ठोकलं. जंगलात पान तोडणारी बाई आणि शहरात पान वळणारी बाई एकमेकींना ओळखत नाहीत, त्यांची ओळख झाली तर काय होईल, वगैरे. भाषण चांगलं झालं. दोन-तीन प्रवाशांनी माना डोलावल्या.

आईनं फांदी हळूच सोडली. “जून झालं हे पान,” ती म्हणाली. “याची विडी फुटते. उन्हाळ्यातलंच पायजे.” आणि झाडाच्या खोडावर हलकेच दोन थापा मारून ती बसकडे गेली, गाईच्या पाठीवर माराव्यात तशा.

लॉजवर

लॉज तलावाच्या वरच्या अंगाला होता. सात खोल्या, लाल कौलं, समोर लाकडी व्हरांडा. व्यवस्थापक, स्वयंपाकी आणि वाढपी या तिन्ही जागांवर एकच माणूस होता. त्याचं नाव नत्थूजी. वय पन्नाशीचं, डोक्यावर लोकरीची कानटोपी. आम्ही नागपूरहून निघालो तेव्हा पंखा फिरत होता, आणि इथे माणूस कानटोपीत! आईनं पिशवीतला स्वेटर काढून लुगड्यावर चढवला.

त्यानं रजिस्टर पुढे केलं आणि माझं रक्त तापलं. रजिस्टर म्हटलं की मला पुढचा प्रश्न आधीच ऐकू येतो. आडनाव काय, म्हणजे कोणते, म्हणजे नेमके कोणते. दीक्षेच्या वेळी मी आईच्या कडेवर होते. तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर खाली मान घालून द्यायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

“आम्ही बौद्ध आहोत,” मी त्यानं विचारण्याच्या आतच म्हटलं. “वेगळे कप, वेगळी ताटं असा काही प्रकार इथे असेल तर आत्ताच सांगा. अडचण असेल तर—”

“अडचण एकच आहे ताई,” नत्थूजी म्हणाला. “पाच नंबरची खिडकी लागत नाही. ढग आत येते.”

माझं उरलेलं भाषण तसंच राहिलं. ते वाया गेल्याचं दुःख करावं की आनंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रजिस्टरात ‘धंदा’ या रकान्यात मी लिहिलं, ‘विडी कामगार’. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘पगारी सुट्टी’, आणि खाली रेघ ओढली. नत्थूजीनं ते चष्मा लावून वाचलं. “लोक हवापालट लिहितात,” तो म्हणाला. “हे कारण पहिल्यांदाच आलं.”

आणि ढग खरोखर आत आला! वाचकहो, मी काव्य करत नाही. चहा पिता पिता खिडकीतून पांढरा धूर यावा तसा तो आला, पलंगावरून सरकला, आरशावर बसला. मी टाळ्या पिटल्या. आई पदरानं त्याला हाकलत होती. “जाय रे, जाय! गादी ओली करशीन!”

जेवायला टेबल-खुर्ची होती. वरण-भात, वांग्याची भाजी, ठेचा. आमच्या घरचं वरण घट्ट, इथलं पातळ, पण त्याला चुलीच्या धुराचा वास होता आणि ते वाफाळत होतं. नत्थूजी तव्यावरची पोळी घेऊन आला की आई खुर्चीवरून अर्धी उठायची.

“बसा ना बाई.”

“तुम्ही उभे, अन मी बसून खाऊ?”

“ते तं माहं कामच आहे.”

आईनं यावर विचार केला. कामाची गोष्ट तिला लगेच पटते. “काम असन तं मंग करा,” असं म्हणून ती टेकून बसली. तिसरी पोळी आली तेव्हा तिनं ती वाफेसकट तोडली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “दुसऱ्याच्या हातची गरम पोळी लई वर्षांनी भेटली वं.” शेवटी रबडी आली. गवळ्यांच्या म्हशींच्या दुधाची, इतकी घट्ट की चमचा उभा राहिला. आईनं दोनदा घेतली. मी मनात नोंद केली: सुट्टीच्या बाजूनं पहिलं मत.

ताट विसळायला ती मोरीकडे निघालीच होती. नत्थूजी मागून धावला. थोडी ओढाताण झाली आणि ताट त्याच्याकडे गेलं.

पंचबोल

आता माझ्या वेळापत्रकाविषयी. एका प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर मी ते नागपूरलाच लिहून आणलं होतं. सहाला सूर्योदय, सातला चहा, साडेसातला देवी पॉइंट, मग पंचबोल, मग कॉफीची बाग, मग गाविलगड, शेवटी तलाव. एकही गोष्ट सुटता कामा नये. रुखमाबाईला आणि सगळ्या ओळीला सांगायचं होतं ना!

सूर्योदय झाला नाही. म्हणजे कुठेतरी झाला असेल, आमच्या वाट्याला पांढरी भिंत आली. मी आईला त्या भिंतीसमोर पाऊण तास उभं केलं. देवी पॉइंटला कपारीतून पाणी ठिबकत होतं, ते आईच्या मानेवर ठिबकलं. ती ओरडली आणि मग हसली. दुसरं मत!

आणि पंचबोल. एक प्रचंड दरी, समोर डोंगरांची रांग. इकडून हाक मारली की ती पाच वेळा परत येते, असं सांगतात. धुकं नुकतंच वर उचललं होतं. खालच्या रानातून वाफा निघत होत्या. एवढी मोठी सभा मला जन्मात पुन्हा कुठे मिळणार? मी कठड्याजवळ गेले, छाती भरून घेतली आणि ओरडले, “सुट्टी आमच्या हक्काची!”

हक्काची, हक्काची, हक्काची... डोंगर एकामागून एक कबूल करत गेले. आमच्या वस्तीत हीच घोषणा दिली की पहिलं उत्तर कुत्र्याचं येतं.

“माय, आता तू.”

“मी नाई. लोक काय म्हणतीन?”

“कोण आहे इथं लोक?”

तिनं चारी बाजूंना पाहिलं. पदर खोचला. मला वाटलं, तीही काहीतरी हक्काचं म्हणणार. आईनं तोंडाला हात लावला आणि दरीत हाक मारली, “ए रुखमेऽ! चहा मांड वं!”

मांड वं, मांड वं, मांड वं... सातपुडा रुखमाबाईला चहा मांडायला सांगत राहिला. आईनं बोटांवर आवाज मोजले आणि पाचवा झाल्यावर तिचा चेहरा असा झाला, की मी तो वेळापत्रकात कुठे लिहावा हे मला कळेना.

पुढे कॉफीची झाडं पाहिली. हिरव्या गोळ्या दांडीला चिकटलेल्या. एका टपरीत कॉफी प्यालो. आई म्हणाली, “जळक्या चण्याचं पाणी आहे,” आणि कप पूर्ण संपवला. मग गाविलगड. अर्ध्या चढावर, किल्ल्याच्या दरवाजाशी आई दगडावर बसली.

“तू जाय. मी येथीच बसतो.”

“माय, आत तलाव आहे, तोफ आहे! एवढं आलो अन हेच राहिलं तर सांगशील काय?”

ती उठली. मी तिला तोफ दाखवली. “नीट पाहिली ना?” विचारलं. परतताना देवी पॉइंटवर दुसऱ्यांदा नेलं, कारण सकाळी धुक्यात दरी दिसली नव्हती. मी आनंदात होते. कागदावर एकामागून एक खुणा होत होत्या. पाच वाजता लॉजवर पोचलो तेव्हा एकच गोष्ट उरली होती, तलाव. तो उद्यावर टाकला आणि मी गरम पाण्याच्या चौकशीला गेले.

बादली घेऊन परत आले, आणि व्हरांड्यात थांबले.

आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मांडीवर सूप. सूप! ती ते वळकटीत, पांघरुणांच्या मध्ये घालून नागपूरहून घेऊन आली होती. पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. म्हणजे काल रात्रीच न्हाणीघरात भिजवलेली. शेजारी मूठभर विड्या तयार. नत्थूजी खांबाला टेकून त्यातलीच एक ओढत होता.

“एक नंबर बांधते बाई,” तो मला कौतुकानं म्हणाला.

मी बादली ठेवली. “माय! हे काय आहे?”

“विडी आहे. पाहिली नाई काय कधी?”

“तू सुट्टीवर आहेस! सट्टेदार काय म्हणाला होता, आठवते ना? पहाडावरही पानच कापत बसन. जिंकला ना तो! आता ओळीत काय सांगू मी?”

“हात बसू देत नाईत वं,” आई म्हणाली. कातर चालूच होती.

“दोन महिने भांडलो आपण या चार दिवसांसाठी! मी सकाळपासून जिवाचा आटापिटा करून तुला एकेक ठिकाण दाखवते अन तू—”

आईनं कातर खाली ठेवली. आता तिचा आवाज चढेल असं मला वाटलं. चढला नाही.

“शालू, इकडं आण तो तुहा कागद.”

मी वेळापत्रक काढलं. तिला वाचता येत नाही. खुणांवरून बोट फिरवत ती म्हणाली, “हे झालं, हे झालं, हे बरोबर नाई झालं म्हणून दोनदा. सकाळपासून तू माह्या मागं. नीट पाहिलं काय, पुरं पाहिलं काय, हे राहिलं, ते राहिलं. सट्टेदार काय वेगळं करते? मी वळून देतो, तो छाटते. ही ढिली, ही वाकडी. तू माह्या सुट्टीची छाट करून राहिली वं. मंग मले वाटलं, काम तं काम. हे मले येते तरी.”

नत्थूजी विडी विझवून आत गेला. माणूस शहाणा होता.

सभेत मागून कोणी शंका काढली तर मी तीन मुद्द्यांत उत्तर देते. आजवर मला लोकांनी भडक म्हटलं, आगाऊ म्हटलं, सट्टेदार कोणी म्हटलं नव्हतं. मी खोलीत गेले. खिडकीतून ढग येऊन बसला होता. त्याच्यात थोडा वेळ बसले.

तलाव

सकाळी वेळापत्रक मी नत्थूजीला चूल पेटवायला दिलं. ते ओलसर होतं, धूर फार झाला. आईनं ते पाहिलं. तिनं सूप मात्र कोणाला दिलं नाही. पलंगाखाली सरकवलं.

“आज काय पाहायचं आहे?” तिनं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. हे वाक्य मला जड गेलं.

चहा पिऊन आम्ही उतारावरून चालत राहिलो, तर तलाव आपोआपच आला. त्याला शक्कर तलाव म्हणतात. नागपुरात मला तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, भोवती रस्ता, रस्त्यावर रिक्षा. हा तलाव डोंगराच्या ओंजळीत ठेवल्यासारखा. काठापर्यंत गवत, गवतात पिवळी फुलं, आणि पाण्यावर एकही आवाज नाही. आईनं ओंजळ भरून पाणी चाखलं.

“नाव शक्कर, अन गोड तं नाई.”

“ढवळलं नसन कोणी,” मागून आवाज आला. एक लाकडी नाव काठाला लावून एक म्हातारा बसला होता. सोमाजी. कोरकू माणूस, केस पांढरे, अंगावर कोणाचा तरी जुना कोट. “बसा माय. ढवळून आणतो.”

आई नावेत बसायला तयार झाली, हीच मोठी गोष्ट. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, डोळे विस्फारून ती बसली. पहिल्या हेलकाव्याला “अगं माय वं!” म्हणाली आणि दुसऱ्याला हसली. पाणी नावेच्या कडेला चुळचुळत होतं. पाणकोंबडी कुठूनशी पळाली. मला “माय, तिकडं पाय” म्हणायचं होतं. मी जीभ चावली.

मध्यावर आलो आणि धुकं उतरलं. ते आलं कसं हे कळलंच नाही. आधी पलीकडचा काठ गेला, मग डोंगर, मग आमचा काठ, मग नावेचं टोक. सोमाजीनं वल्हं उचलून आडवं ठेवलं.

“आता बसा,” तो म्हणाला. “दिसत नाही तवर वल्हं मारायचं नाही. तिकडं गाळ आहे, फसते.”

“किती वेळ?” मी विचारलं.

“धुक्याले विचारा.”

मी मनगटाकडे पाहिलं आणि मग हात शालीत घातला. पाहायला काही नव्हतं. दाखवायला काही नव्हतं. डोंगर, गड, तोफ, दरी, सगळं पुसलेलं. एक नाव, तिच्यात तिघं, आणि चारी बाजूंनी कोरा कागद.

आईची बोटं चालू होती. हे मी जन्मभर पाहत आले आहे. सूप नसलं की ती पदराचा काठ वळते. अंगठ्यानं दाबायचा, बोटांत फिरवायचा, टोक मोडायचं, सोडायचं, पुढचा भाग घ्यायचा. बसमध्येही तेच, झोपेतही तेच. नावेत तो काठ तिच्या बोटांतून पुढे पुढे सरकत होता.

मग ती बोटं हळू झाली. एक वळण झालं. बऱ्याच वेळानं दुसरं. मग अंगठा पदरावर तसाच टेकून राहिला, आणि थोड्या वेळानं हात उलटा होऊन मांडीवर पडला, तळवा वर करून. त्या तळव्यावर धुक्याचे बारीक थेंब बसायला लागले. आई त्यांच्याकडे पाहत होती.

“किती गुपचूप आहे वं,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं सोमाजीनं कोटाच्या खिशातून विडी काढली. काडी ओढली, पेटवली, आणि दोन झुरक्यांत विडी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. आईची मान वळली. तीस वर्षांची नजर ती.

“दोरा ढिला आहे,” ती म्हणाली. “पान बी जून. कोणं बांधली ही?”

“बाजारातली आहे माय. तुमाले समजते?”

“समजते म्हंजे!” तिचा हात पुढे गेला. एक क्षण लागला असता तिला. दोरा सोडून, पान पुन्हा आवळून, टोक मोडून द्यायला. सोमाजीनं विडी पुढे केली. आईची बोटं तिच्यापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. मग तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला, तसाच, तळवा वर करून.

“आज नाई, दादा,” ती म्हणाली. “मी सुट्टीवर आहो.”

सोमाजी हसला. मी पाण्याकडे तोंड फिरवलं. धुकं डोळ्यांत जातं, हे खरं आहे.

परत

चौथ्या दिवसाविषयी लिहिण्यासारखं काही नाही, आणि तोच दिवस आम्हाला सगळ्यांत आवडला. व्हरांड्यात बसलो, रबडी खाल्ली, ढग आत आला, ढग बाहेर गेला. त्याला हाकलायला आई उठली नाही.

नागपूरला आलो तेव्हा ऊन तेच होतं, गल्ली तीच. दुसऱ्या संध्याकाळी सट्टेदाराच्या ओट्यावर बाया विड्या घेऊन बसल्या होत्या, मांडीवरच्या सुपात शेवटच्या विड्या वळत. कागद आणि शाईचा डबा त्यानं तयारच ठेवला होता.

“या सुभद्राबाई! काय काय केलं मग पहाडावर?”

मी घसा साफ केला. पंचबोल, गाविलगड, कॉफीची झाडं, सगळं जिभेवर होतं. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काही नाई केलं,” ती म्हणाली.

“काहीच नाही? सूप नेलं होतं म्हणे?”

गल्लीत काही लपत नाही.

“नेलं होतं,” आई म्हणाली. “एक दिवस वळल्या. दोन दिवस काहीच नाई केलं.”

“पाहा!” सट्टेदार ओळीकडे वळला. “काही करायचंच नव्हतं तर गेली काहून?”

“तुमाले नाई समजणार ते, जी,” आई त्याला मायेनं म्हणाली. “तुमाले बी कधी सुट्टी भेटली नाई ना.”

बाया अशा हसल्या की सुपांतली पानं हलली. मग आई रुखमाबाईकडे वळली. “एक राहिलंच सांगायचं. तिथी एक दरी आहे. आवाज दिला की डोंगर परत देते. मी तुले आवाज दिला.”

रुखमाबाईच्या हातातली विडी अर्धी वळलेली होती. “मले?”

“रुखमे, चहा मांड, म्हणून. अन डोंगर म्हणते, मांड वं, मांड वं. पाच खेप. मी मोजले.”

“माह्यासाठी? पाच खेप?”

“पाच.”

रुखमाबाईनं अर्धी विडी सुपात ठेवली, सूप मांडीवरून उचलून खाली ठेवलं आणि शाईचा डबा बोटानं सट्टेदाराकडे सरकवला, झाकण लावून.

“शालू,” ती मला म्हणाली, “पहाडावर नेला तो स्वेटर तुह्या मायचाच आहे ना? मले होते काय पाय.”